सावडीचा हिशेब



वसंताच्या व्याख्यानमालेत कोकिळा आणि आम्रमोहर यांना आज सुट्टी देऊ. भीमाकाठच्या काळ्या रानात, मंगळवेढा-पंढरपूरकडे, या दिवसांत घराघरात एकच विषय असतो: ज्वारी कधी निघणार आणि माणसं कुठून आणायची.

सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली मालदांडी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. ती विळ्याने कापण्यापेक्षा मुळासकट उपटण्याची रीत, कारण कडब्याची वीतभर लांबीही गुरांच्या हक्काची. तोवर रान तडकून दगड झालेलं असतं. पहिल्याच दिवशी हाताला फोड येतात. उपटलेलं पीक पाथेवर वाळवायचं, कणसं मोडायची, पेंढ्या बांधायच्या. पेंढ्या पहाटे, दव आहे तोवर बांधायच्या. ऊन चढलं की पाल्याचा चुरा होतो. आणि हे सगळं आभाळाकडे बघत. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. भिजलं की दाणा काळा पडतो आणि कडबाही कुजतो. घरातल्या चार-पाच माणसांच्या आवाक्यातलं हे काम नव्हे.

म्हणून सावड. आज तुमच्या रानात आमची दोन माणसं, परवा आमच्या रानात तुमची दोन. याला आपण गावाचा प्रेमळपणा म्हणतो. मला ते पटत नाही. हा रोकडा हिशेब होता, फक्त तो पैशांत नव्हता. फेड चुकवणाऱ्याच्या बांधावर पुढच्या वर्षी कुणी फिरकत नसे. कुणाचं रान आधी, या पाळीवरून भांडणं कमी होत, त्याचं कारण जमीन. मुरमाड, हलक्या रानातली ओल आधी संपते, पीक आधी वाळतं. भारी रान मागून येतं. पाळी मातीनेच लावून दिलेली.

या हिशेबाला दोन भोकं होती. ज्याला रानच नाही त्याने फेड कुठे घ्यायची? तो सावडीत नव्हता, मजुरीवर होता. आणि दुसरं, ज्या घरी काम त्या घरच्या बाईने पहाटे उठून सगळ्यांच्या भाकरी थापायच्या, वर रानातही यायचं. तिची भाकरी कुणाच्या खात्यावर चढली नाही.

रान मोकळं झालं की नांगरट. भारी जमिनीत खोल नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल लागत. एवढी जनावरं कुठल्या घरी असणार? एकेक बैल असलेले दोघे वारंगुळा करत, म्हणजे जोडी जुळवत. ज्याचं काम अगदीच अडलं त्याच्यासाठी इर्जिक: शेजारी आपापली औतं घेऊन येत, तो जेवण घाली. १९०३ साली किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला, तरी बैलांची गरज संपली नव्हती. ती ट्रॅक्टरने संपवली, आणि इर्जिकही मोडली.

खळ्याचंही तेच. तिवड्याभोवती फिरणारी बैलांची पात गेली, वावडीवर उभं राहून वाऱ्याला धान्य देणारा माणूस गेला, मळणीयंत्र आलं. त्याबद्दल गळा काढायचं मला कारण दिसत नाही. ज्यांनी ते कष्ट काढले ते तर मुळीच काढत नाहीत. मात्र काढणीचं गाडं यंत्रापाशी अडलंय. हार्वेस्टर दाणे देतो, पण कडब्याचं मातेरं करतो, आणि ज्याच्या दावणीला गुरं आहेत त्याला ते परवडत नाही. म्हणून आजही ज्वारी माणसंच उपटतात. बहुतेक उक्त्यावर, कुठे कुठे अजून सावडीने. माणसं मिळेनात म्हणून ज्वारीचं रान ऊस किंवा मक्याला देणारेही आहेतच.

आता गट करून अवजारं घ्या, असं सांगितलं जातं. घ्यावीत. फक्त पाळीचं आधी ठरवा. ज्वारी रानागणिक मागेपुढे पिकत होती. पेरणीचा ट्रॅक्टर मात्र पाऊस पडला की सगळ्यांनाच त्याच दिवशी हवा असतो, आणि गटाच्या बैठकीत पहिलं भांडण त्यावरूनच होतं.