अर्धपोकळ गिटारीची पारख



बैल घ्यायचा म्हटला म्हणजे आपण काय करतो? नुसत्या रंगावर आणि शिंगांवर भाळत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. जमले तर औताला जुंपूनही पाहतो. पण तोच जाणता माणूस मुलासाठी वाद्य घ्यायला शहरात गेला, की काचेमागची चकाकी पाहून पैसे मोजून मोकळा होतो. हल्ली तर दुकानातही जावे लागत नाही. फोनवर चित्र पाहायचे, बोट दाबायचे, की चार दिवसांनी खोके दारात हजर!

दुसऱ्याला कशाला नावे ठेवू? मी स्वतः असाच फसलो आहे. मी शाळेत संगीत शिकवतो. आमच्या वाद्यवृंदात पेटी, तबला, ढोलकी होती. नववीतल्या एका मुलाचा हात गिटारीवर चांगला बसला होता. त्याच्या वडिलांनी सोयाबीनच्या पैशांतून काही रक्कम बाजूला काढली आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच निवडा. आम्हाला त्यातलं काय कळतंय?" मी चित्र पाहून निवडली. मोठे घाटदार अंग, छातीवर दोन बाजूंना दोन नक्षीदार भोके, वर लालभडक झिलई. घरात वाजवली तर आवाज कसा गोड! मग आले स्नेहसंमेलन. मांडवात मोठाले लाउडस्पीकर. मुलाने पहिली तार छेडली, आवाज वाढवला, आणि गिटारीतून जो हूऽऽ करून हंबरडा निघाला, तो काही केल्या थांबेना. मंडळी हसली. मुलाने गिटार खाली ठेवली आणि खाली मान घालून तो निघून गेला. पुढे कित्येक महिने त्याने तिला हात लावला नाही.

चूक मुलाची नव्हती, गिटारीचीही नव्हती. चूक माझी होती. मी तिचे पोट पाहिले नव्हते. तुमच्यापैकी कुणावर अशी पाळी येऊ नये, म्हणून हे चार शब्द.

गिटारीचे पोट म्हणजे काय? आपला तंबोरा घ्या. त्याचा भोपळा पोकळ असतो, म्हणून तार हलली की भोपळ्यातली हवा घुमते आणि आवाज मोठा होतो. साधी गिटारही तशीच पोकळ. विजेच्या गिटारीत मात्र तारांखाली 'पिकअप' असते. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. पोलादी तार वर थरथरली की त्या गुंडाळीत क्षीण वीज उत्पन्न होते, आणि अ‍ॅम्प्लिफायर तिला मोठी करून स्पीकरमधून ऐकवतो. शिक्षक बंधुभगिनींनो, विज्ञानाच्या तासाला दाखवण्याजोगा हा नमुना आहे.

आता गंमत पाहा. मांडवात माइक भोंग्यासमोर धरला की शिट्टी येते, हे तुम्ही शंभरदा ऐकले असेल. भोंग्याचा आवाज माइकात शिरतो, पुन्हा भोंग्यातून मोठा होऊन येतो, पुन्हा माइकात शिरतो; असे चक्र सुरू होते. पोकळ गिटारीचे तेच होते. स्पीकरचा आवाज तिच्या पातळ पाटीला थरथरवतो, पाटी तारांना हलवते, तारा पिकअपला जागे करतात, आणि शिट्टीचे चक्र सुरू! यालाच 'फीडबॅक' म्हणतात.

हा प्रश्न आजचा नाही. अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीने १९३६ साली 'ई.एस. १५०' ही पिकअप लावलेली पोकळ गिटार बाजारात आणली. चार्ली ख्रिश्चन या तरुण वादकाने ती जाझच्या वाद्यवृंदात वाजवून गाजवली. पण आवाज फार वाढवला की ती ओरडे. लेस पॉल नावाच्या वादकाने १९४० च्या सुमारास पाइनच्या लाकडाचा चौकोनी ओंडकाच घेतला, त्यावर तारा आणि पिकअप चढवले, आणि तो गिटारीसारखा दिसावा म्हणून दोन्ही बाजूंना पोकळ गिटारीचे अर्धे-अर्धे अंग जोडले. शिट्टी बंद झाली. पुढे १९५० नंतर भरीव लाकडाच्या गिटारी सर्वत्र झाल्या. पण काहींना पोकळ अंगाचा तो भरदार, ऊबदार आवाज सोडवेना. तेव्हा १९५८ साली गिब्सनने मधला मार्ग काढला. अंग पोकळच ठेवले, पण मधोमध, गळ्यापासून शेपटीपर्यंत, मेपलच्या लाकडाचा ठोकळा बसवला. दोन बाजूंना दोन पोकळ खोल्या आणि मध्ये भक्कम भिंत. ही 'ई.एस. ३३५', म्हणजेच अर्धपोकळ गिटार. आज स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेक अर्धपोकळ गिटारी या वाणाच्याच लेकी-नाती आहेत.

आता तुम्ही विचाराल, की खेड्यातल्या मुलाला हीच का? दोन कारणे आहेत. एक, मांडवात आवाज वाढवला तरी ती पूर्ण पोकळ गिटारीइतकी लवकर ओरडत नाही. दुसरे कारण आपल्या घरचे आहे. वीज गेली तरी सरावापुरता तिचा आवाज शांत खोलीत ऐकू येतो. भरीव गिटार विजेवाचून जवळजवळ मुकी. ही निदान कुजबुजते. भारनियमनाच्या गावात ही लहान गोष्ट नव्हे. भावगीत, सिनेगीत, जाझ, ब्लूज, सगळीकडे तिचा आवाज शोभतो. मात्र ज्याला अगदी कर्कश, फाटक्या आवाजाचे रॉक संगीतच वाजवायचे आहे, त्याने भरीव गिटार घ्यावी. आणि लहान चणीच्या मुलालाही ही जड जाते, कारण तिचे अंग सुमारे १६ इंच रुंद असते. अशांसाठी याच जातीच्या लहान अंगाच्या गिटारीही मिळतात. त्या मागून पाहाव्या.

अस्सल अमेरिकन गिब्सनची किंमत आपल्या ऐपतीबाहेरची. पण घाबरू नका. एपिफोन ही कंपनी १९५७ साली गिब्सनने विकत घेतली. तिच्या नावाने त्याच घाटाच्या कितीतरी स्वस्त गिटारी निघतात. जपानच्या आयबानेझ कंपनीची 'आर्टकोअर' मालिका २००२ पासून आहे. ग्रेच कंपनीची 'स्ट्रीमलाइनर' आणि स्क्वायरची 'स्टारकास्टर' याही परवडणाऱ्या वर्गातल्या. नव्या घ्या, नाहीतर चांगल्या वापरलेल्या घ्या. वापरलेली घेताना घाई मात्र करू नका.

पण इथेच पाय घसरतो, बरं का! एकाच मालिकेत पोकळ आणि अर्धपोकळ अशा दोन्ही गिटारी असतात, आणि चित्रात दोघी जुळ्या बहिणी दिसतात. आयबानेझची 'ए.एस.' अक्षरांची अर्धपोकळ, तर 'ए.एफ.' अक्षरांची पूर्ण पोकळ. स्ट्रीमलाइनरमध्ये 'सेंटर ब्लॉक' असे लिहिलेले असेल तरच मधली भिंत आहे असे समजा. एपिफोनची 'कॅसिनो' तर बीटल्स मंडळींच्या हातात जगभर गाजली. दिसायला हुबेहूब ३३५ सारखी, पण आतून साफ पोकळ! दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ते हे असे. तेव्हा माहितीत 'सेंटर ब्लॉक' हे शब्द शोधा. गिटार समोर असेल तर विजेरीचा झोत भोकातून आत टाका. मधोमध लाकडाची भिंत दिसली पाहिजे. पाठीवर मध्यभागी बोटाने वाजवून पाहा. भरीव असेल तर 'ठक्' होईल, पोकळ असेल तर डफासारखा 'धब्' आवाज येईल.

दुकानदार म्हणाला, की अंग प्लायवुडचे आहे, तर नाक मुरडू नका. ३३५ चे अंगदेखील पातळ लाकडी थर एकमेकांवर चिकटवूनच केलेले असते. असे अंग कमी थरथरते आणि दमट हवेला जास्त टिकते. कोकणातल्या मंडळींनी तर ही गोष्ट सोयीचीच मानावी.

आता हात लावून पाहायच्या गोष्टी. गिटार डोळ्यांसमोर आडवी धरून दांडीवरून नजर टाका, बंदुकीचा नेम धरतो तशी. दांडी पिळलेली असेल तर गिटार परत द्या. किंचित बाक असेल तर हरकत नाही. दांडीच्या पोटातल्या सळईने तो निघतो. पडद्यांच्या कडांवरून बोट फिरवा. बोट ओरखडता कामा नये. मग बाराव्या पडद्यापाशी तार किती उंच आहे ते पाहा. दीड ते दोन मिलिमीटरच्या आसपास असेल तर बरे. याहून फार उंच असेल तर नवख्या मुलाची बोटे सोलतात आणि महिन्याभरात गिटार कोनाड्यात जाते. मग तार बाराव्या पडद्यावर नुसती स्पर्शून एक सूर काढा, आणि तिथेच दाबून दुसरा काढा. दोन्ही सूर एकच हवेत. थोडा फरक असेल तर घोडी मागेपुढे सरकवून तो जातो. पण तो दुकानातच काढून घ्या.

विजेचा भाग तपासायला विसरू नका. आवाजाची आणि सुराच्या धारेची अशी दोन-दोन बटणे बहुधा असतात. सगळी फिरवून पाहा. खरखर येते का? तीन खटक्यांची कळ तिन्ही जागी नीट बसते का? वायर खोचतात ते तोंड ढिले तर नाही? ही बारीकसारीक तपासणी मी का सांगतो? भरीव गिटारीला झाकण असते. ते उघडून रेडिओ दुरुस्त करणारा कुणीही डाग देऊ शकतो. अर्धपोकळ गिटारीला बहुधा झाकण नसते. आतली बटणे भोकातून दोऱ्याने ओढून बाहेर काढावी लागतात आणि तशीच परत बसवावी लागतात. तालुक्याच्या गावी हे काम करणारा सापडणे कठीण. म्हणून खराबी घरी आणण्यापेक्षा दुकानात सापडलेली बरी. पिकअपही दोन गुंडाळ्यांचे, 'हंबकर' जातीचे घ्या. दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडल्यामुळे ट्यूबलाइटची आणि वायरिंगची गुणगुण एकमेकींत विरून जाते.

शेवटी गिटार अ‍ॅम्प्लिफायरला लावा, त्याच्या समोर उभे राहा आणि आवाज मांडवात लागेल तितका वाढवा. दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या तरी घालू द्या. माझी गिटार याच परीक्षेत नापास झाली असती.

पैशांची वाटणी कशी करावी? माझा हिशेब असा: शंभर रुपयांतले साठ गिटारीला, तीस लहानशा चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरला, आणि दहा जाणत्या कारागिराकडून तारांची बसवणी करून घेणे, जादा तारा आणि जाड पिशवी यांना. सगळे शंभर गिटारीवर घालवणारा पुढे पस्तावतो. नीट बसवलेली स्वस्त गिटार ही न बसवलेल्या महाग गिटारीपेक्षा हाताला गोड लागते.

आणि एक गोष्ट जिवाची. गिटारीच्या पोलादी तारा आतून अर्थिंगला जोडलेल्या असतात. मांडवातले अर्थिंग सदोष असेल, आणि हात तारांवर असताना ओठ माइकला लागले, तर विजेचा झटका बसतो. अशा झटक्याने माणसे दगावली आहेत. म्हणून तीन पिनांपैकी मोठी पिन कधी तोडू नका. माइक आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच, नीट अर्थिंग केलेल्या जोडणीवर ठेवा, आणि वाजवण्याआधी वायरमनकडून ती तपासून घ्या. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून वाजवू नका. बोटांना जराशी झिणझिणी आली तर गाणे तिथेच थांबवा. गाणे पुन्हा होईल.

आता त्या मुलाचे काय झाले, ते सांगून टाकतो. ब्लूज गाणारे बी. बी. किंग हे नामांकित वादक, शिट्टी येऊ नये म्हणून आपल्या गिटारीच्या भोकांत कापड कोंबत. पुढे त्यांच्या नावाची जी गिटार गिब्सनने काढली, तिला ती भोकेच ठेवली नाहीत. हे वाचल्यावर मी एक जुना सुती पंचा घेऊन त्या मुलाच्या घरी गेलो. आम्ही दोघांनी तो फाडून दोन्ही भोकांतून आत भरला, स्पीकर त्याच्या पाठीमागून काढून बाजूला ठेवला, आणि आवाज बेताचा केला. गिटार ओरडली नाही. पुढच्या संमेलनात त्याने ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवली. मांडवात पुढच्या रांगेत त्याचे वडील बसले होते. गाणे संपल्यावर ते माझ्याकडे वळून एवढेच म्हणाले, "गुरुजी, पैसे कामी आले."

पण दरवेळी पंचा कामाला येईलच असे नाही. म्हणून श्रोतेहो, गिटार घेताना रंगावर जाऊ नका. आधी पोट पाहा, मग दांडी पाहा, मग कान लावा, आणि पैसे सगळ्यांत शेवटी मोजा. ज्याच्या हातात ती जायची आहे, त्या मुलाला मात्र बरोबर न्या.

नमस्कार.