मंथरेआधीच्या ललिताबाई

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून बोलावयाचे, तर विषय ग्रंथांचाच असावा, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. मी मात्र आज दूरदर्शनच्या पडद्यावरील एका छोट्या भूमिकेविषयी बोलणार आहे. त्या भूमिकेचा आणि ग्रंथालयाचा काय संबंध, असा प्रश्न आपल्या मनात येईल. माझ्याही मनात तो पुष्कळ उशिरा आला. त्या उशिराची किंमत किती, हेच मला आज सांगावयाचे आहे.

सन १९८७. रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका २५ जानेवारीस सुरू झाली आणि पुढच्या वर्षीच्या ३१ जुलैपर्यंत दर रविवारी सकाळी चालली. त्या वेळचे भोपाळ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या सकाळी आठवत असतील. टी. टी. नगरातील आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये शेजारची दहा-बारा माणसे जमत. बायका स्नाने उरकून येत, कोणी दूरदर्शन संचाला हळदकुंकू वाहत. मध्यप्रदेश राज्य १९५६ मध्ये स्थापन झाले, तेव्हा माझे आजोबा सचिवालयातील नोकरीनिमित्त नागपूरहून येथे आले. त्यांच्यामागे राहिलेली माझी आजी त्या बैठकीत सर्वांत पुढे बसे.

राज्याभिषेकाची वार्ता अयोध्येत पसरली आणि पडद्यावर कुबड काढलेली, एक डोळा बारीक केलेली मंथरा आली, त्या दिवसाची गोष्ट. जमलेल्या बायकांनी तिला शिव्याशाप द्यावयास सुरुवात केली. आजी मात्र शांतपणे म्हणाली, “अगं, ही आमच्या वेळची नायिका. फार देखणी होती. नेताजी पालकरात होती ही.” आम्ही कॉलेजात जाणारी नातवंडे मोठ्याने हसलो. ही म्हातारी, कुबडी, तिरक्या नजरेची बाई नायिका? आजीने वाद घातला नाही. “माझ्या ट्रंकेत तिचा फोटो आहे, कधी तरी दाखवीन,” एवढेच बोलली. तो फोटो पाहण्याची उत्सुकता आमच्यापैकी एकालाही वाटली नाही.

श्रोतेहो, मंथरेची भूमिका करणाऱ्या त्या बाई म्हणजे ललिता पवार. त्यांना विसरलेली अभिनेत्री म्हणावे काय, असा आक्षेप आपण घ्याल. नाव कोणीच विसरले नाही, हे खरे. पण नाव उरते आणि बाई विसरली जाते, असेही घडते. आज ललिता पवार म्हटले की लोकांना दोनच गोष्टी आठवतात : हिंदी चित्रपटातील खाष्ट सासू आणि दूरदर्शनवरील मंथरा. त्यांच्यामागे उभी असलेली नायिका कोणाच्या स्मरणात नाही.

त्यांचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवल्याचा. पाळण्यातले नाव अंबा. वडील लक्ष्मणराव सगुण कापडाचे व्यापारी. १९२८ च्या सुमारास, बालवयातच, पुण्याच्या मूकपटांत त्यांचा प्रवेश झाला. प्रतिष्ठित घरातील मुलीने चित्रपटात काम करणे हे त्या काळी बट्टा लावण्यासारखे मानले जाई. अशा काळात ही मुलगी नायिका झाली. एवढेच नव्हे, तर १९३२ च्या ‘कैलास’ या मूकपटाच्या निर्मितीत तिचा सहभाग होता. पुढे ‘दुनिया क्या है’ हा बोलपट तिने काढला. त्याची कथा टॉल्स्टॉयच्या ‘रिसरेक्शन’ या कादंबरीवर बेतलेली होती. विशी-बाविशीतील मराठी मुलगी टॉल्स्टॉय पडद्यावर आणते, ही गोष्ट आमच्या पिढीला कोणी सांगितली नाही. बोलपट आल्यावर त्या काळच्या रीतीप्रमाणे त्या पडद्यावर स्वतःच्या आवाजात गायल्याही. भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’ १९३९ चा आणि वि. स. खांडेकरांच्या कथेवरील, मास्टर विनायकांचा ‘अमृत’ १९४१ चा. या दोन्हींत त्या आहेत.

त्यानंतर तो अपघात झाला. ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात प्रसंगाची गरज म्हणून मास्टर भगवान यांनी त्यांना थप्पड मारावयाची होती. ती प्रमाणाबाहेर जोरात बसली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याची शीर फुटली. तीन वर्षे उपचार चालले. चेहरा बराचसा सावरला, पण डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेचा चेहरा हेच जिथे भांडवल, त्या व्यवसायात त्यांचे ते भांडवल पंचविशीच्या आसपासच नाहीसे झाले.

यापुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ललिताबाई घरी बसल्या नाहीत. प्रभातच्या ‘रामशास्त्री’त, १९४४ साली, त्या आनंदीबाई झाल्या. ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका मराठी घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. एका अक्षराने पेशवाईचा इतिहास फिरविणारी ती बाई, आणि त्रेचाळीस वर्षांनी, कैकेयीच्या कानाशी लागून रघुकुळाचा इतिहास फिरविणारी मंथरा! दोन्ही भूमिका एकाच अभिनेत्रीच्या वाट्याला आल्या. मधल्या काळात ‘दहेज’मधील सासू आहे, ‘श्री ४२०’मधील केळीवाली आहे आणि ‘अनाडी’मधील मिसेस डिसा आहे. वरून करवंदीच्या जाळीसारखी काटेरी आणि आतून मायाळू अशा या मिसेस डिसाने त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळवून दिले. १९६१ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला. म्हणजे ज्या डोळ्याने नायिकापद गेले, त्याच डोळ्याला त्यांनी पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षे अभिनयाचे साधन केले.

आता मंथरेकडे वळू. अठ्ठ्याहत्तर भागांच्या त्या मालिकेत मंथरा मोजक्याच भागांत येते. ती एका अर्थी पाहुणी भूमिका. येते, घर मोडते आणि निघून जाते. पण अभिनयाच्या दृष्टीने ती किती अवघड आहे, याचा विचार करावा. वाल्मीकींची मंथरा प्रासादाच्या गच्चीवरून सजलेली अयोध्या पाहते आणि धावत कैकेयीकडे येते. कैकेयी तर वार्ता ऐकून आनंदाने तिला अलंकार बक्षीस देते. रामावर पुत्रवत् प्रेम करणाऱ्या, आनंदात असलेल्या या राणीचे मन एका बैठकीत फिरवावयाचे! तुलसीदासांना हे इतके अशक्य वाटले असावे की, त्यांनी देवांच्या विनवणीवरून सरस्वतीकरवी मंथरेची बुद्धी फिरविली. नटीला मात्र सरस्वतीची सबब सांगता येत नाही. तिला प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत आपल्या आवाजाने, नजरेने आणि देहाच्या वाकण्याने ते घडवून दाखवावे लागते.

ललिताबाई त्या वेळी सत्तरी ओलांडलेल्या होत्या. त्यांनी ते घडविले. कारण काही मिनिटांच्या त्या प्रवेशामागे जवळजवळ साठ वर्षांची तपश्चर्या होती. मूकपटात, जिथे शब्द नव्हते, तिथे चेहऱ्याने बोलावयास त्या शिकल्या. तो चेहरा दुखावल्यावर उरलेल्या चेहऱ्याने बोलावयास शिकल्या. पाहुणी भूमिका छोटी असते ती घड्याळाच्या हिशेबाने. पाहुणा किती लांबून चालत आला आहे, हे घड्याळ सांगत नाही.

आणि त्या मालिकेत ललिताबाई एकट्या नव्हत्या. कौसल्या होत्या जयश्री गडकर, मराठी तमाशापटांच्या सम्राज्ञी. दशरथ होते त्यांचे यजमान बाळ धुरी. लक्ष्मणाचे काम करणारे सुनील लहरी तर आपल्या मध्यप्रदेशातल्या दमोहचे. त्यानंतरच्याच वर्षी दूरदर्शनवर आलेली ‘वागले की दुनिया’ दुर्गा खोटे यांच्या संस्थेची निर्मिती. मराठी रंगभूमीने आणि चित्रपटाने जन्मभर जमविलेली पुंजी त्या चौकटीतल्या पडद्याने अशी वापरली. पण ती कोठून आली, हे प्रेक्षकाला सांगण्याची सोय त्या पडद्यावर नव्हती.

ही सोय असते ती येथे, ग्रंथालयात. ज्यांनी आपले आयुष्य लिहून ठेवले, त्यांची वाट सापडते. ‘मी, दुर्गा खोटे’ आहे, हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ आहे. पण प्रत्येक कलावतीचे आयुष्य असे सर्वांच्या हाती पोहोचत नाही. आणि चित्रपट तरी कुठे उरले आहेत? भारतात तेराशेंहून अधिक मूकपट निघाले, त्यांपैकी जेमतेम तीसच्या आसपास, तेही काही तुकड्यांच्या रूपात, शिल्लक आहेत. नायट्रेटच्या त्या फिती जळाल्या, कुजल्या, काही त्यांतील चांदीसाठी वितळविल्या गेल्या. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली, तोवर बहुतेक नुकसान होऊन गेले होते. मूकपटांतील ललिताबाई पडद्यावर पाहावयास मिळतील, अशी आशा आता जवळजवळ नाही. उरली आहेत ती कागदे : जुनी मासिके, दिवाळी अंक, हस्तपत्रके आणि थिएटरात आण्या-दोन आण्यांना मिळणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका. त्यांत कथासार असे, पात्रांची नावे असत आणि पुष्कळदा नायिकेचे छायाचित्रही असे.

आजीच्या ट्रंकेत अशाच पुस्तिका होत्या. नागपूरहून तिने त्या जपून आणल्या होत्या. तिच्या निधनानंतर आम्ही घर आवरले. इतर सामानाबरोबर ती ट्रंकही रिकामी केली आणि कागद वजनावर रद्दीवाल्याला दिले. त्यात काय होते, ते मी पाहिले नाही. ट्रंक मात्र ठेवली, कारण ती पत्र्याची आणि मजबूत होती.

पुढे २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात, औंधच्या घरी, ललिताबाईंचे निधन झाले. घरात त्या एकट्याच होत्या. पती रुग्णालयात होते. ती वार्ता बाहेर कळावयास दोन-तीन दिवस गेले. देशातल्या घराघरांत ओळखला जाणारा चेहरा, आणि गेल्याचे शेजारालाही तत्काळ समजू नये! ती बातमी वाचून मला आजीची ट्रंक आठवली. ‘नेताजी पालकर’ खरोखरच त्यांचा, हे मी तेव्हा पुस्तकांतून शोधून काढले. आजी खरे बोलत होती. तिला तसे सांगावयास ती नव्हती आणि फोटोही नव्हता.

२०२० च्या टाळेबंदीत ‘रामायण’ पुन्हा दाखविले गेले. माझ्या नातीने मंथरा पाहून विचारले, “आबा, ही बाई खरंच अशी होती?” मी तिला सांगितले, “नाही गं, ती नायिका होती.” ती हसली, अगदी आम्ही हसलो होतो तशीच. दाखवावयास माझ्यापाशी काही नव्हते.

म्हणून आश्रयदात्यांना आणि सभासदांना माझी एक विनंती आहे. भोपाळातील पुष्कळ मराठी घरे नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथून आपापल्या ट्रंका घेऊन आली. त्यांतील जुने अंक, नाटकांची हस्तपत्रके, चित्रपटांच्या पुस्तिका रद्दीत घालण्यापूर्वी एकवार या वाचनालयात आणून दाखवा. आणि वाचनालयाने त्यांच्यासाठी एक कपाट आणि एक नोंदवही ठेवावी. नोंद करताना ग्रंथकाराच्या नावाबरोबर नटनट्यांचीही नावे लिहावीत. यास फार द्रव्य लागणार नाही. लागेल ती थोडी जागा आणि एखाद्या चिकाटीच्या कार्यकर्त्याचे हात. पुढल्या शंभर वर्षांत कोणी नात आपल्या आजीचे म्हणणे खरे की खोटे, हे पडताळावयास येथे आली, तर तिला उत्तर मिळावे.

ती पत्र्याची ट्रंक मी वाचनालयास देत आहे. ती रिकामी आहे. आपण ती भराल, या विश्वासाने येथे थांबतो.