बाकी किती उरली?

(मंडळाच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण. बोलताना जे फळ्यावर लिहिले ते इथे शब्दांत घातले आहे.)



दोन मराठी माणसं दुबईत भेटली की ट्रॅफिक, शाळेची फी आणि दिवाळीचं तिकीट एवढं बोलून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "बाकी काय?" आज मला नेमकं त्या बाकीवरच बोलायचं आहे. म्हणजे भागाकाराच्या बाकीवर. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत 'नंबर सिस्टीम' नावाचं जे पहिलंच प्रकरण असतं, त्यातले बरेचसे प्रश्न फिरून फिरून बाकीपाशीच येतात.

आधीच सांगतो, मी गणिताचा शिक्षक नाही. कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, बँकांच्या सॉफ्टवेअरचं काम करतो. शनिवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये बिल्डिंगमधली सात-आठ मुलं गणितं सोडवायला बसतात, हीच माझी पात्रता. आणि दुसरी पात्रता म्हणजे या विषयात मी एकदा सपशेल आपटलेलो आहे!

तो किस्सा आधी. आमच्या वेळी स्कॉलरशिपची परीक्षा चौथी आणि सातवीला असायची. दोन्ही वेळा मी यादीत होतो, त्यामुळे घरात 'आपला मुलगा गणितात हुशार' हे ठरूनच गेलं होतं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला कॅम्पसमध्ये पहिली कंपनी आली. अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट. मी दोन महिने शॉर्टकट पाठ केलेले, वही भरून. त्यात एक प्रश्न होता: २ च्या १०० व्या घाताचा एकक स्थानचा अंक कोणता? मला युक्ती पाठ होती. घातांकाला ४ ने भागा, बाकी येईल तेवढा घात घ्या. १०० ला ४ ने भागलं, बाकी शून्य. २ चा शून्यावा घात १. लिहिलं १ आणि पुढे गेलो.

सभागृहातली मुलं हसताहेत, म्हणजे त्यांच्या लक्षात आलंय. अहो, दोनाला दोनाने कितीही वेळा गुणलं तरी उत्तर विषम कसं येईल? २, ४, ८, ६ आणि पुन्हा २, ४, ८, ६ असं ते चक्र फिरतं. बाकी शून्य म्हणजे चक्र पूर्ण झालं, म्हणून शेवटचा अंक ६. पहिलीतल्या पोराला सम-विषम कळतं, आणि मला चार वर्षांच्या इंजिनिअरिंगनंतर ते त्या खोलीत आठवलं नाही. युक्ती आठवली, संख्या दिसलीच नाही. एका प्रश्नामुळे काही कोणी नापास होत नाही. पण असे चार-पाच झाले आणि यादीत माझं नाव आलं नाही. संध्याकाळी होस्टेलच्या जिन्यावर बसून मी तो प्रश्न पुन्हा सोडवला तेव्हा स्वतःचीच लाज वाटली.

आता इतकं कळल्यावर मी शहाणा झालो असेन असं तुम्हाला वाटेल. नाही झालो. माझी लेक सातवीत आहे. मागच्या वर्षी तिला एका ऑनलाइन क्लासला घातलं. तिथून विभाज्यतेच्या कसोट्यांचा एक कागद आला आणि तिने तो एका रात्रीत पाठ केला. मी विचारलं, "अंकांची बेरीज केली की ९ ने भाग जातो की नाही ते का कळतं गं?" ती म्हणाली, "बाबा, व्हाय इज नॉट इन द सिलॅबस." मला माझा जिना आठवला असावा, मी नको तेवढा चढ्या आवाजात बोललो. तिने वही मिटली आणि म्हणाली, "मला मॅथ्स येतच नाही." पुढचे दोन आठवडे आमच्या घरात गणित हा शब्द कोणी काढला नाही.

तिढा सुटला तो अल इत्तिहाद रोडवर. शारजाहून दुबईकडे सकाळी निघालेल्यांना त्या रस्त्याची थोरवी सांगायला नको. गाड्या जागच्या हलत नव्हत्या आणि पुढच्या गाडीची नंबरप्लेट आमच्या डोळ्यांपुढे पंधरा मिनिटं होती. ४८२७६. कंटाळून तीच म्हणाली, "बाबा, नाइनने जातो." मी या वेळी तोंड बंद ठेवलं. मग थोड्या वेळाने हळूच म्हटलं, "तो पहिला चार खरंच चार आहे का?" "नाही, फोर्टी थाउजंड." "दहा हजारातून ९ चे गठ्ठे काढून टाकले तर काय उरेल?" ती गप्प. मग म्हणाली, "९९९९ गेले की वन."

एवढंच आहे हो सगळं! दहातून नऊ गेले, उरला एक. शंभरातून ९९ गेले, उरला एक. म्हणजे दर दहा हजारामागे एक उरतो, चार दहा हजारांमागे चार. आठ हजारांमागे आठ, दोनशेमागे दोन, सत्तरमागे सात आणि सुटे सहा. उरलेल्यांची बेरीज २७, तिला नवाने भाग जातो, म्हणून आख्ख्या नंबरला जातो. आपण अंकांची बेरीज करतो ती खरं तर उरलेल्या बाक्यांची बेरीज असते.

दुसऱ्या दिवशी ११ ची कसोटी तिची तिने काढली. दहा म्हणजे अकराला एक कमी, शंभर म्हणजे ९९ ला एक जास्त, हजार म्हणजे १००१ ला एक कमी. म्हणून एक अंक मिळवायचा, एक वजा करायचा. ५२८१७ ला उजवीकडून सात वजा एक, अधिक आठ, वजा दोन, अधिक पाच, झाले सतरा, त्यातून अकरा गेले, बाकी सहा. हा नियम त्या कागदावर तिला पाठ होताच. पण या वेळी तिने मला तो 'समजावून' सांगितला.

या देशात नंबरप्लेटला काय भाव असतो ते तुम्ही जाणताच. अबूधाबीची '१' ही प्लेट २००८ साली ५ कोटी २२ लाख दिरहमला गेली आणि २०२३ मध्ये दुबईची 'पी ७' साडेपाच कोटी दिरहमला. लेकीचं म्हणणं, सातला जास्त मिळाले ते ठीकच आहे, सात निदान मूळ संख्या तरी आहे, एक तर मूळही नाही आणि संयुक्तही नाही.

आता थोडं आजोबांविषयी. माझे वडील सांगलीला असतात, पोस्टातून निवृत्त झालेत. शुक्रवारी बोटिमवर त्यांचा कॉल असतो. एकदा लेक एका गणितावर अडून बसली होती. स्पर्धा परीक्षांत हा प्रकार हमखास येतो: अशी लहानात लहान संख्या शोधा, जिला ३ ने भागल्यास बाकी २, ४ ने भागल्यास ३, ५ ने भागल्यास ४ आणि ६ ने भागल्यास ५ उरते. ती एकेक संख्या घेऊन बघत होती. आजोबा तिकडून म्हणाले, "अगं, बाकी काय उरते ते नको बघूस. कमी किती पडतोय ते बघ."

ती थांबली. दर वेळी एकच कमी पडत होता! म्हणजे संख्येत एक मिळवला की तिला ३, ४, ५, ६ या सगळ्यांनी भाग जाणार. त्यांचा लसावि ६०. "सो, फिफ्टी नाइन!"

"मराठीत सांग बरं."

"पन्नास... नऊ?"

"एकोणसाठ! एक ऊन साठ. साठाला एक कमी. तुझं उत्तर नावातच लिहून ठेवलंय."

खरं सांगतो, चाळिशीला टेकलो तरी हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. लेकीला मात्र त्या रात्री नवा खेळ मिळाला. इथल्या शाळेत अरबी सक्तीचं आहे, तर ती म्हणाली, अरबीत 'तिसा व खमसीन', म्हणजे नऊ आणि पन्नास. इंग्रजीत पन्नास-नऊ, अरबीत नऊ-पन्नास आणि मराठीत साठाला एक कमी. एकाच आकड्याकडे बघायच्या तीन खिडक्या. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' ही रीत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की जोडाक्षरं आणि उलटा क्रम लहान मुलांना जड जातो. इथे वाढणाऱ्या मुलांना त्रेपन्न आणि पस्तीसमध्ये गोंधळताना पाहिलं की ते पटतं. पण एकोणसाठ काही माझ्याच्याने सोडवत नाही. २९ गुणिले ७ विचारलं की तीस साती दोनशे दहा, त्यातून सात गेले, २०३. हा शॉर्टकट आपल्या भाषेत फुकट येतो. तसंच २५ गुणिले ३६. आजोबांच्या पिढीला पावकी पाठ, छत्तीसचा पाव नऊ, म्हणून नऊशे. कागद लागतच नाही.

एका पालकांनी मघाशी बाहेर विचारलं, "कारणं शोधत बसलं तर पेपर कधी पुरा होणार?" प्रश्न रास्त आहे. शॉर्टकट वाईट नाहीत, मीही शिकवतो. पण कारण माहीत असलेला शॉर्टकट प्रश्न थोडा फिरवला तरी तुटत नाही, आणि तोच वेळ वाचवतो. समजा, ३४७ गुणिले २६८ विचारलंय आणि पर्याय आहेत ९२९९६, ९३०९६, ९२८९६, ९२९८६. सगळ्यांच्या शेवटी ६, म्हणजे एकक बघून भागत नाही. नवाची बाकी बघा. ३४७ ची ५, २६८ ची ७, पाच साती पस्तीस, त्याची बाकी ८. पर्यायांत ८ बाकी येते ती फक्त पहिल्याची. गुणाकार न करताच उत्तर हाती.

आता या चाळणीचं भोकही सांगायला हवं. ९२९९६ ऐवजी कोणी ९२९६९ दिलं तर नवाची बाकी तीच राहते. अंकांची अदलाबदल नवाला दिसत नाही. आपल्यातले अकाउंटंट मान डोलावताहेत! ताळेबंदात फरक येतो आणि त्याला नवाने भाग जातो, तेव्हा ते पहिल्यांदा ५४०० चे कुठे ४५०० झालेत का ते शोधतात. माझ्या धंद्यात याच कारणाने ९७ वापरतात. इथे २०११ पासून बँक खात्याला आयबॅन आला, 'एई'पासून सुरू होणारा २३ अक्षरांचा. त्यातली पहिली चार अक्षरं उचलून शेवटी न्यायची, अक्षरांचे आकडे करायचे आणि त्या लांबलचक संख्येला ९७ ने भागायचं. बाकी १ आली तरच नंबर खरा. शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले तर ९७ ते पकडतोच, कारण ९७ मूळ आहे आणि अशा अदलाबदलीच्या फरकाला त्याने भाग जात नाही. आयबॅन टाकताना तुमची बोटं चुकली आणि स्क्रीन लाल झाली, की समजा कोणीतरी तुमच्यासाठी सातवीतलं गणित करतंय.

सरावाबद्दल थोडक्यात. आमच्या शनिवारी एका वेळी तीनच गणितं असतात, पण प्रत्येकाने 'का' ते दुसऱ्याला सांगायचं. चुकलेलं खोडायचं नाही, वेगळ्या वहीत चुकीसकट उतरवायचं. घड्याळ लावायचं ते परीक्षेच्या आधीचे दोन महिने. त्या आधी नाही. याने लेक पहिली आली असं सांगायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. यंदा एका परीक्षेत तिची पहिली फेरी थोडक्यात हुकली. संध्याकाळी दार लावून बसली, मला वाटलं पुन्हा तेच. तासाभराने बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, तीन चुकले. दोन कळले. हा तिसरा आजोबांना विचारायचाय."

शेवटी एका मास्तरांची ओळख करून देतो. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. फर्ग्युसनमध्ये शिकले आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिकवलं. ना मोठं पद, ना विद्यापीठाची खुर्ची, कायम आकड्यांशी खेळत बसलेले. डोंबिवलीकरांनी कान टवकारा, त्यांनी एका प्रकारच्या संख्यांना 'डेम्लो' नाव दिलं ते तुमच्या स्टेशनच्या जुन्या नावावरून! १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं तेव्हा जगाला ते कळले.

त्यांचा १९४६ चा शोध असा. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावले ५४३२, चढत्या क्रमाने २३४५. वजा केले, ३०८७. पुन्हा तसंच, ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ६१७४ वर हेच करा, पुन्हा ६१७४! जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तिथे येऊन थांबते. आणि मधल्या प्रत्येक उत्तराला नवाने भाग जातो. तो का जातो, ते आता मुलांनी आई-बाबांना सांगायचं आहे. इशारा मघाच्या ५४०० आणि ४५०० मध्येच दिलाय.

चहा झाल्यावर खाली पार्किंगमध्ये जाल तेव्हा चार अंकी प्लेट शोधा आणि ६१७४ पर्यंत किती पायऱ्या लागतात ते मोजा. फक्त चारही अंक सारखे असलेली गाडी घेऊ नका, तिथे पहिलीच वजाबाकी शून्य येते. अर्थात ७७७७ नंबरवाल्या मालकाला वजाबाकीची काय काळजी म्हणा! चला, चहा थंड होतोय.