मूतखडा : धीर, पाणी आणि पथ्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आम्ही डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. आमचे आयुष्य फळ्यापुढे गेले. तथापि मूतखड्याची कळ आम्ही स्वतः भोगली आहे, म्हणून चार शब्द सांगण्याचे धाडस करीत आहो.

लघवी दाट झाली की तीतील क्षारांचे कण जमून खडा बनतो. पाच मिलिमीटरांहून लहान असलेले बहुतेक खडे शस्त्रक्रियेवाचून पडतात. मात्र त्यास कित्येक दिवस, प्रसंगी काही आठवडे लागतात. तोवर डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक औषध घ्यावे व धीर धरावा. कळ चालू असता तांब्यामागून तांब्या पाणी रिचविल्याने खडा ढकलला जातो, ही समजूत खरी नव्हे. लघवी गाळून पडलेला खडा तपासणीस द्यावा. त्याची जात कळली म्हणजे पथ्य ठरते. परंतु थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा उलट्या थांबेनात, तर कुळथाचे कढण उकळीत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे विलंब जिवावर बेततो.

खडा पडला म्हणजे सुटलो, असेही मानू नये. पुष्कळांस तो काही वर्षांत पुन्हा होतो. दिवसाकाठी अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांस विचारून. मीठ, लोणची, पापड व मांसाहार बेताने असावा. लिंबूपाणी हितकर. खड्यात कॅल्शियम असते म्हणून कित्येक जण दूध-दही वर्ज्य करितात. ते उलट अपायकारक होय. जेवणातील कॅल्शियम पालक, अळू यांतील ऑक्झलेटास आतड्यातच बांधून ठेविते.

आता मुख्य गोष्ट. आमच्या भगिनी प्रवासात व लग्नकार्यात दिवस दिवस पाणी पीत नाहीत. कारण स्वच्छ शौचालय नसते. त्यांस 'पाणी प्या' असा नुसता उपदेश करणे व्यर्थ आहे. हा दोष त्यांचा नव्हे, तुम्हां-आम्हां यजमानांचा आहे. पंगतीत एक पक्वान्न कमी करा. पण मांडवाशेजारी पिण्याचे शुद्ध पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छ, आडोशाचे शौचालय असल्यावाचून कार्य काढू नका, अशी आमची मंडळास नम्र विनंती आहे.