पावसाळ्याची सिद्धता : शासनाची आणि आपली

(सारोळे, ता. भोर येथे व्यापारी, हॉटेलचालक व वाहतूकदार यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



भोर-वेल्ह्याच्या माणसाला पाऊस शिकवण्याचे धाडस मी करणार नाही. वरच्या अंगाला भाटघर आणि नीरा देवघर, समोर नीरेचा पूल, पलीकडे सातारा जिल्हा. १२ जुलै १९६१ रोजी फुटलेले पानशेतचे धरणही वेल्ह्याच्याच हद्दीतले. परंतु शेतीचा पावसाळा वेगळा आणि बाजारपेठेचा वेगळा. शेतकरी मृगापूर्वी छप्पर शाकारतो, बांध नीट करतो, सरपण आत घेतो. दुकानदार आणि वाहतूकदार यांची सिद्धता मात्र बहुधा एका ताडपत्रीपाशी संपते.

छत्रपती शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ छावणीस असलेल्या लष्कराच्या जुमलेदारांना लिहिलेले पत्र आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. आपण ते रयतेविषयीच्या कळवळ्यासाठी वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण मुळात ते पावसाळ्याच्या बेगमीचे पत्र आहे. दाणावैरण आताच उधळली तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि मग लष्कर कुणब्यांच्या घरात शिरेल, हा त्यातला हिशेब आहे. गवताच्या गंजीजवळ कोणी चिलीम ओढेल, उंदीर जळती वात ओढून नेईल, इथपर्यंत राजाची नजर गेली आहे. एवढे मोठे राज्य सांभाळणाऱ्या पुरुषाला दिव्याची वात क्षुल्लक वाटली नाही. आपल्याला आपल्याच दुकानामागची मोरी क्षुल्लक वाटते.

आता एक कटू विषय. ६ जून २०१३ रोजी याच तालुक्यातील शिंदेवाडीजवळ, कात्रजच्या नव्या बोगद्यापलीकडे, डोंगरावरून आलेल्या लोंढ्यात मोटारीतील एक आई आणि तिची चिमुकली मुलगी वाहून गेली. तो पाऊस काही प्रलयंकारी नव्हता. डोंगर बेकायदा फोडला गेला होता, पाण्याची नैसर्गिक वाट बुजवली गेली होती. पाण्याने मग महामार्गाची वाट धरली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने पुण्यात आणि त्याच पावसाने खेड-शिवापुरात जे केले, त्याच्या मुळाशीही पाण्याच्या वाटेवरचे आक्रमण आहेच. शासनावर टीका करणे सोपे आहे, आणि ती करावीही. मात्र ओढ्यात मुरूम टाकून पार्किंगची जागा वाढवणारा हात कोणाचा असतो? तो शासनाचा नसतो. तो आपल्यातल्याच कोणाचा तरी असतो, आणि त्याला गावात सारे ओळखत असतात. ‘कशाला वाईटपणा घ्यायचा’ म्हणून आपण गप्प बसतो. येत्या पंधरवड्यात या परिसरातील महामार्गाखालची प्रत्येक मोरी तरुणांनी फिरून पाहावी, बुजलेल्या मोरीचे छायाचित्र काढून महामार्ग प्राधिकरणाला आणि तहसीलदारांना लेखी द्यावे, आणि जिथे अडथळा आपल्याच माणसाचा असेल तिथे आधी त्याच्या घरी जाऊन बसावे.

वाऱ्याकडे तर आपण लक्षच देत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे, याच महामार्गाच्या सेवारस्त्यावर, पावसापासून आडोसा घेतलेले पाच जण फलकाखाली चिरडले गेले. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर फलक कोसळून १७ जण गेले. तो मर्यादेपेक्षा कितीतरी मोठा होता. महापालिकेची कमाल मर्यादा होती ४० बाय ४० फुटांची. आपल्या हॉटेलच्या गच्चीवरचा फलक, पत्र्याची शेड, पाण्याची रिकामी टाकी कशाच्या आधारावर उभी आहे, हे फॅब्रिकेटरला बोलावून पाहून घ्या. गंजलेला बोल्ट बदलायला फार पैसे लागत नाहीत.

वाहतूकदारांशी थोडे स्पष्ट बोलतो. सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री कोसळला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. अंधारात चालकांना पूल नाही हे कळायला मार्ग नव्हता. पण पाण्याखाली गेलेला पूल दिसत असतानाही गाडी घातली जाते, तेव्हा बहुतेक वेळा चालकाच्या कानाशी मालकाचा फोन असतो. फूटभर वाहते पाणीही लहान मोटार ओढून नेऊ शकते. म्हणून ‘रेड’ इशारा असताना थांबलेल्या चालकाची खोटी धरणार नाही, त्याचा भत्ता कापणार नाही, असे मालकांनी आधीच सांगितले पाहिजे. वरंध घाट बंद असेल तर तो बंदच समजावा. ओळखीच्या माणसाला सांगून फाटक उघडून घेणे हा पराक्रम नव्हे.

२२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण आगाराचे व्यवस्थापक आणि कर्मचारी सुमारे नऊ लाखांची रोकड घेऊन कित्येक तास बसच्या टपावर बसून राहिले. त्या निष्ठेला नमस्कारच केला पाहिजे. पण त्याच चिपळूणच्या बाजारपेठेत २००५ चा पूर पाहिलेल्यांचाही माल जमिनीवरच होता. वह्या, बिले, विम्याची कागदपत्रे, संगणकातील हिशेबाची प्रत वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे ठेवा. विम्यात पुराचा समावेश आहे का, हे पावसाळ्यापूर्वी वाचा.

शेवटचा मुद्दा थांबलेल्या वाहनांचा. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ पाणी आल्याने हा महामार्ग कित्येक दिवस बंद होता आणि ट्रकांच्या रांगा लागल्या. तशी वेळ पुन्हा आली तर त्या चालकांना पाणी, शौचालय आणि दोन घास कोठे मिळणार? ज्यांच्याकडे उंचावरचे मोकळे आवार, बोअरचे पाणी किंवा जनरेटर आहे, त्यांनी आज येथून जाण्यापूर्वी आपली नावे आणि दूरध्वनी क्रमांक वहीत लिहून द्यावेत. ही यादी ग्रामपंचायतीकडे, पोलीस ठाण्याकडे आणि जिल्हा नियंत्रण कक्षाकडे याच आठवड्यात पोहोचवायची आहे. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे.