संख्या एकच, हिशेब अनेक



आज मी तुमच्याशी गणिताविषयी बोलणार आहे. ‘गणित’ म्हटल्याबरोबर घरातील वडीलधारी माणसे रेडिओचा आवाज लहान करतात, हे मला ठाऊक आहे. पण थोडे थांबा. आजचे गणित अगदी लहान आहे. एकच संख्या घ्यायची, तिच्याशी ओळख करून घ्यायची, आणि ही ओळख लहान मुलांना कशी करून द्यावी ते पाहायचे, एवढेच.

याची गरज काय? आपली मुले पाढे म्हणतात, शंभरापर्यंत अंक घडाघडा मोजतात. परंतु उमरेडच्या आठवडी बाजारात पन्नासची नोट देऊन सव्वीस रुपयांची भाजी घेतली, तर परत किती यायचे, असे विचारा. पाठ केलेले मूल गप्प राहते. २०२४ साली ‘असर’ नावाची जी ग्रामीण पाहणी झाली, तिच्यात देशातील तिसरीच्या मुलांपैकी सुमारे तिसऱ्या हिश्शालाच हातच्याची वजाबाकी करता आली. म्हणजे तीन मुलांतले एक मूल पुढे गेले आणि दोन मागे राहिली. मागे राहिलेले मूल पुढच्या इयत्तेत जाते, पण त्याची वजाबाकी तिथेच राहते. मग भागाकार येतो, अपूर्णांक येतात, आणि एके दिवशी ते मूल म्हणते, “मले गणित जमत नाही.” ते खरे नसते. त्याची संख्येशी ओळखच झालेली नसते.

ओळख म्हणजे काय? शेजारी राहणाऱ्या माणसाचे नुसते नाव ठाऊक असणे ही काही ओळख नव्हे. तो कोणाचा कोण, त्याचे सोयरे कुठले, त्याच्या घरात माणसे किती, हे कळले म्हणजे ओळख झाली. संख्येचेही तसेच आहे.

आता असे करू. चोवीस ही संख्या घेऊ. मुलांना चोवीस चिंचोके द्या. चिंचोक्याला पैसा पडत नाही, आणि आपल्या भागात चिंचेच्या झाडाला तोटा नाही. मुलांना सांगा, “हे चिंचोके सारख्या ओळींत मांडा. एकही उरता कामा नये.” एक मूल दोन ओळी करील, प्रत्येकीत बारा. दुसरे तीन ओळी करील, प्रत्येकीत आठ. तिसरे चार ओळी करील, प्रत्येकीत सहा. मग तोंडी पाढा येऊ द्या: बारा दुणे चोवीस, आठ त्रिक चोवीस, सहा चोक चोवीस. आता हा पाढा त्या मुलाच्या डोळ्यांपुढे मांडलेला आहे. पाटीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन त्याच ओळी पाहिल्या की आठ त्रिकचे तीन आठी होतात, आणि चिंचोके तेवढेच राहतात. गुणाकाराचा हा नियम शब्दांत सांगावाच लागत नाही.

आणि भागाकार? तोही तिथेच आहे. चोवीस चिंचोके तीन मुलांत वाटले, प्रत्येकाला आठ. उमरेडच्या परिसरात कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. ज्या मुलाचे वडील खाणीत कामाला जातात त्याला विचारा, “दिवसाचे तास चोवीस आणि पाळ्या तीन, तर एक पाळी किती तासांची?” त्याचे उत्तर त्याच्या घरातच आहे.

मग एक चिंचोका काढून घ्या. तेवीस उरले. आता ओळी मांडायला सांगा. दोन ओळी होत नाहीत, एक उरतो. तीन ओळी होत नाहीत, दोन उरतात. मुले खटपट करतील, आणि शेवटी एकच लांब ओळ करतील. बरं का, या खटपटीत मूळ संख्या म्हणजे काय ते मुलांना कळून जाते. नाव नंतर सांगितले तरी चालते. आता दोन चिंचोके घाला. पंचवीस झाले. पाच ओळी, प्रत्येकीत पाच, चौरस तयार! तेवीस, चोवीस, पंचवीस या तिघी शेजारणी, पण स्वभाव किती निराळे!

आपल्या आजोबा-पणजोबांनी संख्येची ओळख आणखी एका वाटेने करून घेतली होती. त्यांच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करून घेत. आज ही नावे मागे पडली. ती पुन्हा घोकायला लावावीत असे माझे म्हणणे नाही. परंतु त्यांतील विचार मोलाचा होता. एकच संख्या घ्यायची आणि तिचे पाव, अर्धे, पाऊण करीत जायचे. चोवीसचा पाव सहा. निम्मे बारा. पाऊण अठरा. सव्वापट तीस. दीडपट छत्तीस. अडीचपट साठ. औट म्हणजे साडेतीन, तर औटपट चौऱ्याऐंशी. पाव कळला की बाकीचे सारे आपोआप निघते. पाऊण म्हणजे निम्मे आणि पाव. बारा आणि सहा, अठरा. सव्वा म्हणजे पूर्ण आणि पाव. चोवीस आणि सहा, तीस.

नागपूरहून नागभीडला जाणारी लहान गाडी २०१९ सालापर्यंत उमरेडवरून धावत असे. पुढे रुळांच्या रुंदीकरणासाठी ती बंद झाली. तिच्या दोन रुळांमधले अंतर होते अडीच फूट. मुलांना विचारा, “असे चोवीस पट अंतर मोजले तर किती फूट?” साठ फूट. अडीचकी काही पोथीतली नव्हती. ती गावच्या फलाटाला लागून उभी होती.

आता या संख्येच्या नावाकडे वळू. इथे आपल्या मुलांची एक खरीखुरी अडचण आहे. आपण म्हणतो ‘चोवीस’. यात आधी चार ऐकू येतात, मग वीस. पण लिहिताना आधी दोन लिहावे लागतात, मग चार. ‘बेचाळीस’ म्हणताना आधी बे, मग चाळीस. लिहिताना आधी चार, मग दोन. कान एक सांगतो आणि हात दुसरेच करतो. म्हणून पुष्कळ मुले चोवीस ऐकून ४२ लिहितात. गुरुजी रागावतात. पण मुलाने ऐकले त्याच क्रमाने लिहिले, हेही ध्यानात घ्यायला हवे.

या अडचणीवरून २०१९ साली आपल्या राज्यात मोठी चर्चा झाली. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशा तऱ्हेने संख्या वाचण्याची रीत दिली होती. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांची अवघड नावे लहान मुलांना जड जातात, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरी बाजूही होती. ‘त्रेसष्ट’, ‘पंचाहत्तर’ हे शब्द आपल्या भाषेचे धन आहे, बाजारात आणि घरात तेच चालतात, असे लोक म्हणाले. विधानसभेतही हा विषय निघाला. त्या वादाचा निवाडा मी करीत नाही. वर्गात मात्र दोन्हींचा उपयोग करून घेता येतो. काड्यांचे दहा-दहांचे जुडगे बांधा. चोवीस म्हणजे दोन जुडगे आणि चार सुट्या काड्या. मुलाने आधी ‘वीस आणि चार’ म्हणावे, मग ‘चोवीस’ म्हणावे, मग लिहावे. आणि ‘एकोणतीस’ आला की त्याचा अर्थ सांगा: तीसला एक उणे. त्या नावात वजाबाकीच दडलेली आहे. अर्थ कळला की नाव अवघड राहत नाही.

आता एक मौज पाहा. ज्या मुलाने २४ च्या जागी ४२ लिहिले त्याची चूक केवढ्याची? बेचाळीसमधून चोवीस वजा करा; अठरा. ३६ च्या जागी ६३ लिहिले तर फरक सत्तावीस. १५ च्या जागी ५१ लिहिले तर छत्तीस. अठरा, सत्तावीस, छत्तीस. हा तर नवाचा पाढा! असे का व्हावे? काड्यांकडे पाहा. बेचाळीस म्हणजे चार जुडगे, दोन सुट्या. चोवीस म्हणजे दोन जुडगे, चार सुट्या. बेचाळीसमध्ये दोन जुडगे जास्त आहेत आणि दोन सुट्या कमी आहेत. वीसातून दोन गेले, अठरा राहिले. प्रत्येक जुडग्यामागे दहा येतात आणि एक जातो, म्हणजे नऊच उरतात. म्हणून फरक नेहमी नवाच्या पटीत.

ही गोष्ट मोठ्यांच्याही कामाची आहे. बचत गटाची वही असो की दुकानाची खतावणी, संध्याकाळी मेळ बसत नाही. फरक येतो तीनशे साठ रुपयांचा. तीनशे साठला नवाने भाग जातो. तेव्हा जमाखर्च लिहिणारी जाणती माणसे आधी हे पाहतात की कुठे शेजारशेजारचे दोन अंक उलटे तर पडले नाहीत? ४८० चे ८४० तर झाले नाहीत? दरवेळी हेच कारण असेल असे नाही. पण शोध कुठून सुरू करावा हे कळते आणि घासलेट जाळून रात्र काढण्याचे वाचते, असे जुने लोक म्हणत.

अंक उलटसुलट करून वजा करण्याच्या या खेळातून आपल्या महाराष्ट्रातील एका शाळामास्तरांनी जगभर नाव मिळविले. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ साली डहाणूला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते पदवीधर झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळाली येथे शाळेत शिकवीत राहिले. मोठ्या विद्यापीठातील पद नाही, उच्च पदवी नाही. वही, पेन्सिल आणि संख्यांचे वेड, एवढेच भांडवल. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने त्यांच्यावर लिहिले, तेव्हा परदेशातही त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले.

त्यांचा शोध चौथी-पाचवीच्या मुलाला करून पाहता येतो. चार अंकी संख्या घ्या; चारही अंक सारखे नकोत. उमरेडचा पिन कोड ४४१२०३. त्याचे शेवटचे चार अंक घेऊ: १, २, ०, ३. त्यांची मोठ्यात मोठी संख्या ३२१०, लहानात लहान ०१२३. वजाबाकी करा: ३०८७. पुन्हा तसेच. ८७३० मधून ०३७८ गेले, ८३५२ राहिले. पुन्हा. ८५३२ मधून २३५८ गेले, ६१७४ राहिले. आता आणखी एकदा करा. ७६४१ मधून १४६७ गेले, पुन्हा ६१७४! संख्या तिथेच थांबली. तुम्ही कोणतीही दुसरी संख्या घ्या, फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ वर येऊन पोचाल. म्हणून तिला कापरेकर स्थिरांक म्हणतात. तीन अंकी संख्येला हेच केले की शेवटी ४९५ येतात.

शिक्षकांनी याचा लाभ घ्यावा. वर्गातील प्रत्येक मुलाने आपल्या आवडीची संख्या घ्यावी. चाळीस मुले, चाळीस निरनिराळ्या संख्या. आणि सारी शेवटी एकाच ठिकाणी! ज्याचे उत्तर निराळे आले ते मूल स्वतःच मागे जाऊन हातचा कुठे चुकला ते शोधते. गुरुजींना लाल शाई लागत नाही. हातच्याच्या वजाबाकीची उदाहरणे मुले इतक्या आनंदाने दुसऱ्या कुठल्याही वाटेने सोडविणार नाहीत.

लहान मुलांसाठी कापरेकरांचा दुसरा खेळ आहे, तो बेरजेचा. संख्येत तिचेच अंक मिळवायचे. चोवीसचे अंक दोन आणि चार, मिळून सहा. चोवीस आणि सहा तीस. तीसचे तीन, तेहतीस. मग एकोणचाळीस, एकावन्न, सत्तावन्न, असे पुढे जात राहायचे. चोवीसच्या मागे कोण? एकवीस, कारण एकवीस आणि तीन, चोवीस. पण बेचाळीसच्या मागे कोण? शोधा, सापडणार नाही. अशा संख्येला स्वयंभू संख्या म्हणतात. शंभराच्या आत आणखी कोणत्या स्वयंभू आहेत, हे मुलांना सुटीत शोधू द्या.

आणखी एक खेळ घरी संध्याकाळी आजीने नातवाशी खेळण्यासारखा आहे. “मनात एक संख्या धर. दुप्पट कर. सहा मिळव. किती झाले?” नातू म्हणतो, “चोपन्न.” आजीने उलट चालावे: चोपन्नातून सहा काढले, अठ्ठेचाळीस, अर्धे केले, चोवीस. “तू चोवीस धरले होतेस!” ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परत यायचे, मिळवले असेल तिथे काढायचे, दुप्पट असेल तिथे अर्धे करायचे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त ही रीत विलोमविधी या नावाने आली आहे. पुढच्या इयत्तेत जे बीजगणित येते, त्याचे हे पहिले पाऊल.

तेव्हा शिक्षक मंडळींना माझी एवढीच विनंती की, आठवड्याला एक संख्या घ्या. फळ्याच्या कोपऱ्यात ती लिहून ठेवा. सोमवारी तिच्या ओळी मांडा, मंगळवारी तिचे पाव आणि अर्धे करा, बुधवारी तिचे नाव फोडा, गुरुवारी तिचे अंक उलटवा, शुक्रवारी तिच्यावर मुलांनीच गोष्टीची उदाहरणे रचावीत. कोणी भिवापुरी मिरचीच्या पोत्यांचे उदाहरण करील, कोणी धानाच्या बांध्यांचे. सगळा अभ्यासक्रम बाजूला ठेवा असे नाही. रोज दहा मिनिटे पुरेत.

आणि आईबापांनी? तुम्हाला लिहिता-वाचता येत नसले तरी हिशेब येतो. मजुरी मोजता, बियाणे मोजता, पेंढ्या मोजता. तो हिशेब मुलाच्या देखत, मोठ्याने करा. “चोवीस पेंढ्या, चार बैल, एकेकाला किती रे बाबू?” असे सहज विचारा. चुकला तर हसू नका. चिंचोके पुढे ठेवा. उत्तर त्याचे त्याला सापडेल, आणि जे स्वतःला सापडले ते मूल सहसा विसरत नाही.