आधी नोंद, मग दोष पुसा
(शाखा मेळाव्यातील भाषण)



आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेलो. संगणकावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. पण यंत्रात साठलेला दोष आणि नोकरीवर येणारे बालंट यांचा संबंध आता आपल्या दाराशी आला आहे, म्हणून हा विषय घेतला.

आमच्या एका निवृत्त सहकाऱ्याने जुनी मोटार घेतली. तिला क्रूझ कंट्रोल आहे. वेग ठरवून दिला की ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता गाडी त्याच वेगाने चालते. ब्रेकला पाय लागला की यंत्रणा सुटते. एके दिवशी ती लागेना आणि समोर पिवळा दिवा पेटला. गॅरेजवाल्याने स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला, साठलेला कोड पुसला आणि पैसे घेतले. दिवा विझला. चार दिवसांनी पुन्हा तेच!

दुसऱ्या मिस्त्रीने पुसण्याआधी कोड वाचला : पी ०५७१. म्हणजे ब्रेक पेडलजवळच्या स्विचच्या सर्किटमध्ये दोष. त्या गाडीत मागचे लाल दिवेही त्याच स्विचवर होते. पेडल दाबून पाहिले, तर ते कधी लागत, कधी नाही. चार दिवस ती गाडी तशीच रस्त्यावर होती. मागून ट्रक येता तर? मिस्त्रीने स्विच बदलला, दिवे तपासले, मग कोड पुसला आणि गाडी फिरवून पुन्हा वाचला. हाच खरा क्रम. कोड पुसला की दोष घडतेवेळचा वेग, इंजिनाचे तापमान ही साठलेली माहितीही जाते. पुरावाच नाहीसा होतो.

आता आपल्या घरचे पाहू. डब्ल्यूएपी-७, डब्ल्यूएजी-९ या थ्री-फेज इंजिनांतही ठरावीक वेग धरण्याचे बटण आहे. दोष आला की पडद्यावर संदेश येतो आणि ड्रायव्हर बीपीएफए दाबतो. ती फक्त ‘संदेश पाहिला’ एवढीच पोच. पोस्टातील बांधवांना हे सांगायला नको. पोचपावतीवर सही झाली म्हणून पत्रातले काम झाले, असे कोणी म्हणत नाही. मेल मोटारच्या ड्रायव्हरांनाही बीएस-६ गाड्यांत असेच दिवे आणि कोड सांभाळावे लागतात.

“गाडी काढा, लिहायचे नंतर पाहू,” हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. पुढे काही घडले की तेच साहेब विचारतात, “कळवले का नाही?” यंत्राची नोंद पुसलेली, लॉगबुक कोरे, मग दोष उरतो तो माणसाच्या माथी.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. प्रत्येक संदेश वेळ आणि किलोमीटरसह लॉगबुकात लिहू द्यावा. त्यासाठी लागलेल्या मिनिटांबद्दल कोणालाही मेमो देऊ नये. यंत्राच्या स्मृतीतील नोंद उतरवून घेतल्याशिवाय पुसू नये. चौकशी लागली तर तिची प्रत कामगारालाही मिळावी.

आणि आपलेही कर्तव्य आहे. भुसावळ असो वा इटारसी, चार्ज देताना पुढच्या गड्याला दोष तोंडी सांगून थांबू नका, लिहून द्या. त्याच्या हाती हजारो माणसांचे जीव आहेत.

एवढे बोलून आम्ही रजा घेतो. कामगार एकजुटीचा विजय असो!